विषय: 2014 च्या मोटर कॅराव्हॅनचे चुकीचे मूल्यांकन, फेरतपासणी आणि शुल्क परताव्याची मागणी

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
जुन्या वाहनांची तपासणी व खरेदी विभाग,
पुणे

महोदय / महोदया,

आमची फोर्स ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली कॅराव्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) विकायची आहे, म्हणून तुमच्याकडे पैसे भरून घरी तपासणी करून घेतली. तुमच्या अहवालात तिची किंमत ₹4,10,000 लावली आहे. आकडा कमी आला याचे वाईट वाटलेच, पण तक्रार त्याची नाही. तो ज्या पद्धतीने काढला, ती पद्धत या गाडीला लागूच होत नाही.

आरसीवर वाहनाचा वर्ग 'मोटर कॅराव्हॅन' असा स्पष्ट आहे. आतला बदल आरटीओकडे रीतसर नोंदवलेला आहे आणि त्याचे कागद तपासनिसांच्या हातात दिले होते. तरी अहवालात गाडी 'प्रवासी मिनीबस' म्हणून लिहिली आहे आणि वर 'आसने काढलेली' म्हणून पैसे कापले आहेत. त्या आसनांच्या जागी दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि संडास-बाथरूम आहे. त्याची किंमत अहवालात कुठेही धरलेली नाही.

दुसरी वजावट 'डिझेल, दहा वर्षांपेक्षा जुनी' या नावाने आहे. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आला तो दिल्ली आणि राजधानी परिसरासाठी. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तो घातला आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. आमची गाडी पुण्यात नोंदवलेली आहे, खासगी वापराची आहे. अशा गाडीची नोंदणी 15 वर्षे चालते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. पंधरा वर्षे झाल्यावर हरित कर आणि नूतनीकरणाचा खर्च येणार, हे घेणाऱ्याने जरूर धरावे. पण दिल्लीचा नियम लावून पुण्यातल्या गाडीचे पैसे कापणे हे मला मान्य नाही.

घसाऱ्याचेही तेच. विम्यातले आयडीव्हीचे (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीचे) कोष्टक पाचव्या वर्षापर्यंत 50 टक्के घसारा सांगते आणि तिथे संपते. त्यापुढची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी गाडीची अवस्था पाहून आपसात ठरवायची असते. तुम्ही मात्र तेच कोष्टक पुढे ओढत नेलेले दिसते. जुन्या कॅराव्हॅनच्या बाबतीत वर्ष आणि रनिंग यावरून फारसे कळतच नाही. ती पळून जेवढी झिजते, त्याहून जास्त नुसती उभी राहून बिघडते: रबरी सील वाळतात, बॅटरी बसते, टायर कडक होतात, आणि टपावरून पाणी मुरायला लागते.

या पाण्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे. कॅराव्हॅनचा सर्वांत मोठा शत्रू तेच आहे. टपावरची हवेची झडप, खिडक्यांच्या चौकटी, एसीसाठी पाडलेले भोक, या जागांभोवतीचे सीलंट (फटी बुजवणारा लेप) फाटले की पाणी प्लायवूडमध्ये शिरते आणि वरून महिनोन्‌महिने काही दिसत नाही. कोपरे अंगठ्याने दाबून पाहायचे, गादी उचलून खालची फळी पाहायची, कपाट उघडून कुबट वास येतो का ते पाहायचे. तपासणी ऐन पावसाळ्यात झाली, म्हणजे गळती शोधायला याहून चांगली वेळ नव्हती. तपासनीस टपावर चढले नाहीत, गादीला हातही लावला नाही. दर मे महिन्यात सीलंट नवे करून आम्ही ही गाडी कोरडी ठेवली आहे. तिची खरी किंमत त्यात आहे.

आता जिथे तुम्ही आमच्या बाजूने चुकलात तेही सांगते. टायरना 'उत्तम' शेरा आहे, कारण नक्षी खोल आहे. पण टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का 1819 आहे, म्हणजे ते 2019 च्या अठराव्या आठवड्यातले आहेत. लांबच्या प्रवासाआधी ते बदलायलाच हवेत. आतल्या दिव्यांची 12 व्होल्टची बॅटरीही 'चांगली' लिहिली आहे. व्होल्टेज इंजिन चालू असताना मोजले होते; तेव्हा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमुळे आकडा चढाच दिसतो. भरलेली बॅटरी गाडी बंद ठेवून काही तासांनी 12.6 च्या आसपास दाखवते. आमची तेवढे दाखवत नाही. गॅसच्या नळीवरची तारीख कुणी पाहिली नाही. नळी पाच वर्षांनी बदलायची असते. या गाडीत उद्या कुणाची तरी मुले झोपणार आहेत. त्यांना हा अहवाल देऊन गाडी विकायला माझे मन धजत नाही.

माझ्या मागण्या अशा. वाहनाचा वर्ग दुरुस्त करा. डिझेलची आणि आसनांची वजावट रद्द करा. कॅराव्हॅनची माहिती असलेल्या माणसाकडून टप, फरशी, खालचा पत्रा, वायरिंग, गॅस आणि पाण्याची जोडणी तपासून घ्या आणि प्रत्येक गोष्टीचे किती धरले, किती कापले ते लेखी द्या. त्यानंतर किंमत आजच्यापेक्षा कमी आली तरी मी ती मान्य करीन. असा माणूस तुमच्याकडे नसेल तर तसे लिहून कळवा आणि तपासणीचे शुल्क परत करा.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. आरसी, बदलाची परवानगी, तुमचा अहवाल, पावती आणि टायरवरच्या शिक्क्याचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली ग्राहक,
कोथरूड, पुणे