११४.५ मेगाबिटची भिंत आणि तुमचा ‘टेक्निकल माणूस’

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि ग्राहक सेवा प्रमुख

विषय : नेटवर्क मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचे खोटे ग्राफ, चार वेळा परस्पर बंद केलेलं टिकीट आणि लायसन्सचं नूतनीकरण

महोदय,

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर ४१ मिनिटं घालवली, फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो. नेटवर्कच्या कुठल्या लिंकमधून किती डेटा जातोय याचे ग्राफ काढणारं हे सॉफ्टवेअर तुमचंच आहे, त्यामुळे त्याबद्दल जास्त समजावत बसत नाही.

चाकणच्या आमच्या प्लँटमध्ये सर्व्हर रूम ते डिस्पॅच शेड अशी १ गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट वाहून नेणारी फायबर लिंक आहे. मार्चमध्ये तुमचं अपडेट टाकलं. तेव्हापासून या लिंकचा ग्राफ ११४.५ मेगाबिटच्या वर गेलेला नाही. एकदाही नाही. रात्री साडेअकरानंतर शेडमधले हँडहेल्ड स्कॅनर रडायला लागायचे, भरलेल्या गाड्या गेटवर खोळंबायच्या, ड्रायव्हर लोक सिक्युरिटीशी हुज्जत घालायचे. आणि तुमचा ग्राफ हिरवागार. कधी २३, कधी ९१, कधी ४०. म्हणजे लिंक रिकामी. म्हटलं, मग वायफायच गंडलंय. दोन रविवार शिडीवर चढून वायफायचे सहा ॲक्सेस पॉइंट बदलले. स्कॅनर तसेच.

शेवटी त्या ११४.५ कडे लक्ष गेलं. हा आकडा तुमच्या डेव्हलपरना तरी ओळखता यायला हवा. स्विच म्हणजे केबली जोडणारा डबा; त्याच्या प्रत्येक पोर्टवर किती बाइट गेले हे एक काउंटर मोजतो. तो ३२ बिटचा असेल तर ४,२९,४९,६७,२९६ बाइट मोजले की पुन्हा शून्यावर येतो. तुम्ही तो दर ५ मिनिटांनी वाचता. तेवढे बाइट, एका बाइटचे आठ बिट धरून, ३०० सेकंदांत वाटले की येतात सेकंदाला ११४.५ मेगाबिट. त्याच्या वरचं काही दाखवायची त्या काउंटरची ऐपतच नाही. तुडुंब भरलेल्या गिगाबिट लिंकवर तो ३४ सेकंदांत एक फेरी मारतो. म्हणजे तुमच्या दोन वाचनांमध्ये बिचारा आठ फेऱ्या मारून आलेला असतो आणि तुम्हाला वाटतं, जागेवरच बसून होता.

२० मेगाबिटपेक्षा वेगवान पोर्टवर बाइट मोजायला ६४ बिटचा काउंटर वापरायचा, हे आरएफसी २८६३ या इंटरनेटच्या मानकात जून २००० पासून लिहिलेलं आहे. आमचे स्विच तो देतातही. पण स्विचकडून आकडे मागवायची जी भाषा, एसएनएमपी, तिच्या व्हर्जन १ मध्ये ६४ बिटचा काउंटर हा प्रकारच नाही, आणि तुमच्या अपडेटने आमचे सगळे स्विच व्हर्जन २सी वरून गुपचूप १ वर आणून ठेवले. सेटिंगच्या पानावर मात्र आजही ऐटीत ‘२सी’ लिहिलेलं आहे. एसएनएमपीच्या पोर्ट १६१ वरचे पॅकेट पकडून उघडले, तर व्हर्जनच्या जागी ०. २सी असतं तर तिथे १ दिसायला हवा होता. हा स्क्रीनशॉट तुमच्या टिकिटाला चार वेळा जोडलाय. चार वेळा.

स्टोअरमध्ये एक भंगारात निघालेला पीसी होता, ८ जीबी रॅमचा. शनिवारी त्यावर लिब्रेएनएमएस हे फुकटचं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर टाकलं. स्विचचा पत्ता आणि कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्डच म्हणा) दिली, कँटीनमध्ये चहा घेऊन आलो, तोवर पोर्टांची यादी, एलएलडीपीवरून, म्हणजे स्विच एकमेकांना स्वतःची ओळख सांगतात त्यावरून कळलेले शेजारचे स्विच, सगळं मांडून तयार. रात्री साडेअकरा वाजता त्या लिंकचा ग्राफ सरळ ९४० ला जाऊन टेकला. आग लागली तर सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही एकदम जाऊ नयेत म्हणून आमचा बॅकअपचा डबा डिस्पॅच शेडमध्ये ठेवलाय. रात्रीचा बॅकअप ती अख्खी लिंक खात होता. मी पहाटे तीनची वेळ लावली आणि विषय संपला. दहा मिनिटांचं काम, ज्याच्यासाठी मी दोन रविवार शिडीवर होतो.

खात्री करायला रविवारी झॅबिक्स हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअरही लावलं. ते लगेच वश होत नाही. टेम्प्लेट, आयटम, ट्रिगर हे प्रकरण पहिल्या दिवशी डोक्यात शिरत नाही, हे मान्य. पण आकडा तोच, ९४० च्या आसपास. दोन्हींना लायसन्सचा एक रुपया लागत नाही. पीआरटीजी हे विकतचं सॉफ्टवेअर सेन्सर, म्हणजे नजर ठेवायच्या गोष्टी, मोजून पैसे घेतं, पण कुठला सेन्सर ठेवायचा हे निदान आपण ठरवतो. तुम्ही केबल नसलेले, आम्हीच बंद करून ठेवलेले पोर्टसुद्धा मोजता आणि वर्षाला ३ लाख ४० हजार घेता. वर १८ टक्के जीएसटी. रिकाम्या भोकांचं भाडं म्हणायचं हे.

आता आजचा फोन. मी म्हणालो, तुमचं सॉफ्टवेअर ६४ बिटचे काउंटर वाचत नाहीये. पलीकडून उत्तर आलं, “सर, तुमचं विंडोज चौसष्ट बिट आहे का?” मी म्हणालो, विंडोजचा संबंध नाही, स्विचच्या पोर्टवरचे काउंटर. “हो सर, पण आधी माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करा.” केलं. खरंच केलं, कारण न केल्यास ‘ग्राहकाने सहकार्य केले नाही’ असं तुमच्या टिकिटात लिहून येतं, हा मागचा अनुभव. “काय दिसतंय सर?” चौसष्ट बिट. “मग सर, तुमचं चौसष्ट बिटच आहे. प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला.”

मी पुन्हा सगळं सांगितलं. सावकाश. ३४ सेकंद, आठ फेऱ्या, व्हर्जन १. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, अगदी काळजीच्या सुरात : “सर, तुमच्याकडे कोणी टेक्निकल माणूस आहे का? त्यांना फोन देता का?”

महोदय, या प्लँटमधलं नेटवर्क मी १९ वर्षं सांभाळतोय. इथली पहिली केबल मी स्वतः ओढलीय. मी म्हणालो, मीच तो. तो म्हणाला, “नाही सर, म्हणजे टेक्निकल.” आणि होल्डवर टाकलं. होल्डवरची ती सतार पुन्हा सुरू झाली, मग फोन कटला. वीस मिनिटांत मेल : टिकीट बंद, कारण ‘ग्राहकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमची शंका दूर केली’.

त्या मुलावर राग नाही. त्याच्या समोर जो कागद ठेवलाय तो वाचतोय बिचारा. तो कागद लिहिणाऱ्याला एकदा भेटायचंय.

ग्राहक आयोगात जाईन असंही लिहिणार होतो. वकिलांनी सांगितलं, व्यावसायिक वापरासाठीची खरेदी त्या कायद्यात बसत नाही. तुम्हाला हे आधीच माहीत असणार. पण चाकण-भोसरी पट्ट्यातल्या आयटीवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे असला काही नियम नाही. दोन्ही ग्राफ शेजारीशेजारी तिथे टाकायला मला अर्धं मिनिट लागेल.

वाईट याचं वाटतं की हे सॉफ्टवेअर इथे आणलं मीच. आमचे एमडी साहेब तेव्हा म्हणाले होते, फुकटचं मिळत असताना पैसे कशाला? मी म्हणालो होतो, साहेब, अडलं तर फोन उचलायला माणूस असतो.

३० तारखेला लायसन्स संपतंय. तोपर्यंत दुरुस्त केलेली आवृत्ती आणि बंद पोर्टांपोटी घेतलेले पैसे परत, हे दोन्ही लेखी हवं. नाहीतर तो भंगारातला पीसी रॅकमध्ये चढतोय; जागा मोजून ठेवली आहे. आणि फोन करणार असाल तर दुपारी दोननंतर करा. टेक्निकल माणूस जेवून जागेवर आलेला असतो.

आपला (३० तारखेपर्यंत),
नेटवर्क विभाग प्रमुख, चाकण

सोबत : पॅकेटचा स्क्रीनशॉट. पाचव्यांदा.