इंजिन बदला, पण जुनं भंगारात घालू नका

प्रति, संपादक,

जुन्या गाड्यांत दुसरी इंजिनं बसवण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. 'ताकदवान इंजिन बसवलं की जुन्या गाडीला जास्त किंमत येते' हे त्यातलं वाक्य मला स्वस्थ बसू देईना. इंजिन बोरिंगच्या, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून घासून नीट करण्याच्या कामात माझी ३० वर्षं गेली, आणि असंच समजून केलेली चूक माझ्याच दारात उभी आहे.

वडिलांची १९५८ ची मॉरिस मायनर, ९४८ सीसी पेट्रोल. इंजिन ऑइल खायला लागलं तेव्हा मीच हट्ट धरून तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. ते मावेना म्हणून फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधली पत्र्याची भिंत, गॅस कटरने कापली, माउंटिंगं तोडून नवी वेल्ड केली. जुनं इंजिन वजनावर भंगारात दिलं. बोरिंग, नवे पिस्टन आणि रिंगा, एवढंच खरं तर त्याचं काम होतं. लोकांची तशी इंजिनं मी रोज करून देत होतो.

पुढे एक गृहस्थ गाडी बघायला आले. रंग, दारं, डॅशबोर्ड सगळं त्यांना पसंत पडलं. मग त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि टॉर्च मारून ते डायनामोच्या वरची जागा शोधू लागले. मायनरच्या ब्लॉकवर तिथे इंजिन नंबर असतो. आमच्या गाडीत ना तो ब्लॉक होता, ना डायनामो. कापलेल्या फायरवॉलच्या कडेवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं, बॉनेट हळूच खाली सोडलं आणि किमतीचा विषयच काढला नाही.

इंजिन वेगळं होतं एवढ्यावर ते परत गेले असं मला वाटत नाही. मायनरमध्ये तिच्या मूळ इंजिनाच्याच घराण्यातलं, ए-सिरीजचं, १०९८ किंवा १२७५ सीसीचं इंजिन कितीतरी लोक घालतात. बॉडीला कटर लावावा लागत नाही, उद्या मन बदललं तर मूळ इंजिन परत बसतं. ते घरात जपून ठेवलेलं असेल तर गिऱ्हाईक फारशी कुरकुर करत नाही. मी नेमक्या दोन्ही वाटा बंद केल्या होत्या.

शेव्हरोले कॉर्व्हेटसारख्या गाडीत मात्र 'मॅचिंग नंबर्स', म्हणजे इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळणं, हा जीव की प्राण. ब्लॉकवर ओतकामाची तारीखसुद्धा असते: 'सी १२ ७' म्हणजे ७ ने संपणाऱ्या वर्षातली १२ मार्च, कारण सी हे तिसरं अक्षर, म्हणजे तिसरा महिना. गाडी त्याच्याआधी बनलेली असेल तर तो ब्लॉक तिचा नव्हे, हे जाणकार तिथल्या तिथे ओळखतो. म्हणूनच काहीजण जुना नंबर घासून नवा ठोकतात. ही सरळसरळ फसवणूक आहे. शिवाय घासताना कारखान्यातल्या यंत्रकामाच्या बारीक समांतर रेघा पुसल्या जातात, आणि भिंगातून बघणारा आधी त्या रेघाच बघतो.

अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीच्या बीएमडब्ल्यू ५०७ ची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. त्याच्यानंतरच्या एका मालकाने तिच्यात शेव्हरोलेचं व्ही-८ इंजिन घातलं. मूळ इंजिन गेलं ते गेलंच. शेवटी कंपनीच्या क्लासिक विभागाने सुटे भाग जमवून ५०७ चं इंजिन नव्याने बांधलं आणि २०१६ मध्ये गाडी अमेरिकेत पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लोकांसमोर आणली. तेवढी ताकद कंपनीकडे असते, माझ्यासारख्याकडे नसते.

आता जुन्या गाड्यांत विजेच्या मोटरी बसू लागल्या आहेत. त्यावर 'फिव्हा' या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने सांगून ठेवलंय की, बदल करायचाच तर तो परत फिरवता येईल असा करा आणि काढलेले मूळ भाग खुणा करून जपून ठेवा. लेखात एवढी एक ओळ असती तरी कुणाचा तरी ब्लॉक वाचला असता. ठेवणंही अवघड नाही. प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, क्रँक हाताने दोन-चार वेळा फिरवायचा, सगळी तोंडं बंद करून इंजिन कोरड्या जागी ठेवायचं.

मी सध्या फायरवॉलचा कापलेला भाग पुन्हा भरून घेतोय आणि त्या काळातलं ९४८ सीसीचं इंजिन शोधतोय. मिळेल ते दुसऱ्या कुठल्या तरी मायनरचं असेल. त्यावरचा नंबर आहे तसाच राहील, आणि कागदावरही तोच लिहिला जाईल.

आपला,
एक इंजिन कारागीर