'दगाबाज' फुलांना हवी माशी

रविवारच्या पुरवणीतील 'दगाबाज फुले' हा ऑर्किडवरील लेख वाचला. माहिती उत्तम, पण शीर्षकातला शब्द खटकला.

भूमध्य सागराकाठच्या 'ऑफ्रिस' ऑर्किडचे फूल मधमाशीच्या कुळातील मादीसारखे दिसते, गंधही तिच्यासारखाच सोडते. नर त्यावर झेपावतो, डोक्याला परागकणांचे दोन पिवळे गोळे चिकटवून घेतो आणि पुढच्या फुलावर पुन्हा फसतो. मकरंदाचा थेंबही त्याला मिळत नाही. बिनमकरंदाची फुले कीटकांना फसवतात, असे जर्मन वनस्पती-अभ्यासक स्प्रेंगेलने १७९३ मध्येच लिहिले होते. इतकी मोठी फसवणूक डार्विनलाही पटली नाही. मादीच्या सोंगाचा उलगडा १९१६ मध्ये, फ्रेंच हौशी वनस्पती-अभ्यासक पुयान यांच्या अल्जीरियातील निरीक्षणांतून झाला.

पण ज्याला दगाबाज म्हटले, तेच फूल या व्यवहारात सर्वांत लाचार आहे. खऱ्या माद्या रानात असतील तोवरच त्याचे सोंग चालते. ठरावीक जातीची माशी संपली, की बहुतेक ऑफ्रिसना बी धरत नाही.

आपल्या सातपुड्यातही आंब्या-मोहाच्या खोडांवर ऑर्किड आहेत. आमच्या बांधावरच्या आंब्यावरचे झुपके मजुरांनी बांडगूळ समजून ओरबाडले होते. ही झाडे रस शोषत नाहीत, फक्त आधार घेतात. ती वाचवायची तर त्यांच्या माश्याही वाचवाव्या लागतील. निदान बांधावरची झाडे फुललेली असताना कपाशीवरची फवारणी सकाळी माश्यांच्या वेळेत करू नये, एवढे कृषी विभागाने गावोगावी सांगावे.

– एक निवृत्त शिक्षक, चोपडा (जि. जळगाव)