आई, आप्पाकाका ताकद कमी पडून गेले नाहीत

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, परवा फोनवर तू पुन्हा तेच म्हणालीस. "एवढा तालमीतला गडी, गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यालेला, तोच कोरोनात कसा गेला? आपणच काढा नीट दिला नाही, उशीर केला." फोनवर मला नीट सांगता येईना, म्हणून लिहिते.

काकांची दवाखान्याची फाईल माझ्याकडेच आहे. लॅबमध्ये असले रिपोर्ट रोज हाताखालून जातात, म्हणून परत काढून वाचली. लिम्फोसाइट, म्हणजे विषाणूंना ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, एरवी शंभरात वीस ते चाळीस असतात. काकांच्या घसरत घसरत सहावर आल्या होत्या. त्याच कागदांवर सीआरपी आणि फेरिटिन चढत गेलेले, म्हणजे अंगात दाह वाढत होता. डी-डायमरही वाढलेलं, म्हणजे रक्तात गुठळ्या होत होत्या. नेमक्या पेशी कमी आणि दाह मात्र बेसुमार, असा तो सगळा प्रकार होता.

असं का होतं? विषाणू पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते. ते पोचलं की शेजारच्या पेशी आपल्यात विषाणूच्या नकला निघू नयेत म्हणून तयारीला लागतात. बाबा, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे तुम्हाला सांगायला नको. ३९ लाच कळलं तर माणसं जनावरं सोडतात, सामान माळ्यावर टाकतात आणि वेळेत बाहेर पडतात. इंटरफेरॉन हा ३९ फुटांचा इशारा आहे आणि कोरोनाचा विषाणू नेमका तोच दाबून धरतो. तोवर तो फुफ्फुसात वाढत राहतो. मग शरीराला उशिरा जाग येते आणि सगळं एकदम सुरू होतं. पांढऱ्या पेशी फुफ्फुसाकडे धावतात, आयएल-६ सारखी दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात, हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती सुजून आत पाणी भरतं. प्राणवायू रक्तात जायचा कसा? दुसऱ्या आठवड्यात विषाणू बहुतेक वेळा कमी होत असतो आणि माणूस मात्र त्याच वेळी खालावत जातो. आधी साधा ताप आणि मग अचानक दम, हीच या आजाराची चाल. ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसला त्याच रात्री बाबांनी काकांना नेलं होतं, आई. उशीर कुणी केला नाही.

आणि तब्येतीचं म्हणशील तर हे वाच. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले ज्याँ-लॉराँ कासानोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांचं रक्त तपासलं. त्यातल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं निघाली, आणि त्यातले ९५ पुरुष होते. अशी प्रतिपिंडं आजाराच्या आधीपासूनच असतात आणि एरवी माणसाला काही जाणवत नाही. सत्तरी ओलांडलेल्या शंभरातल्या साधारण चार जणांत ती सापडतात. काकांची ती तपासणी झाली नव्हती, त्यामुळे त्यांच्यात ती होती का, हे आता कळायचं नाही. पण दंड-बैठकांनी ती जात नाहीत आणि काढ्यानंही जात नाहीत. 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून डबे विकणाऱ्यांचा मला म्हणूनच संताप येतो. काकांच्या अंगात दाह कमी करायची गरज होती.

बाबा, आता तुमचं. दिवाळीत आले तेव्हा फ्रिजवरच्या डब्यात डेक्सामेथासोनची अर्धी पट्टी दिसली. "कणकण वाटली की एक घेतो, लगेच बरं वाटतं," म्हणालात. बरं वाटणारच, ते स्टिरॉइड आहे. पण ते शरीराची सुरुवातीची लढाईच थोपवतं. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या औषधचाचणीत, २०२० मध्येच, व्हेंटिलेटरवरच्या शंभरातले ४१ जात होते, या औषधानं ते २९ वर आले. केवढं मोठं यश! पण ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती त्यांना फायदा दिसला नाही, आकडे उलट्या बाजूलाच झुकलेले होते. औषध तेच, वेळ चुकीची. त्यात तुम्हाला शुगर. २०२१ मध्ये स्टिरॉइड आणि वाढलेली साखर यांच्या जोडीनं काळ्या बुरशीनं किती जणांचे डोळे गेले, ते आपण पाहिलंय.

वयाचंही आहेच. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथं टी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, तयार होतात. तारुण्यानंतर ती आक्रसत जाते, म्हणून नवा विषाणू ओळखायला म्हातारपणी वेळ लागतो. लस ती ओळख आधीच करून देते. काकांचा नंबर लागायच्या आत त्यांना ताप आला.

तेव्हा ती पट्टी दादा आला की त्याच्याकडे द्या. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या, ऑक्सिमीटर बोटाला लावा आणि आकडा मला कळवा. ९४ च्या खाली गेला किंवा दम लागला तर माझी वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. पुढच्या महिन्यात मी येतेच आहे, तेव्हा तुम्हा दोघांना फ्लूची लस घेऊन टाकू. काकूलाही बरोबर नेऊ. ती पण स्वतःलाच दोष देत बसते, म्हणून फाईल घेऊन येते आणि तिलाही हे सगळं समोर बसून दाखवते.

तुमची,
सुमी