स्पर्श पाठवायचा तर नुसता वेग पुरणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहाव्या पिढीच्या मोबाइल नेटवर्कच्या बातम्यांत वेगाचे आकडे ठळक छापले जातात. याच नेटवर्कवरून दूरच्या माणसापर्यंत स्पर्शही पोहोचवण्याची तयारी चालू आहे आणि तिथे हे आकडे फारसे कामाचे नाहीत.

चित्र क्षणभर अडकले तर डोळा चालवून घेतो, हात नाही. दुरून यंत्रहात (रोबोटचा हात) चालवणाऱ्याला समोरच्या वस्तूचा कठीणपणा खरा वाटावा म्हणून दाबाची मोजणी सेकंदाला साधारण 1000 वेळा करतात. प्रत्येक मोजणीचा संदेश अगदी छोटा असतो. अवघड आहे ते प्रत्येकाने वेळेत पोहोचणे. उशीर झाला की माणूस जास्त दाबतो, मग घाईने हात मागे घेतो, आणि यंत्रहात थरथरू लागतो. 2001 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रेंच शल्यविशारद जाक मारेस्को यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या रुग्णाचे पित्ताशय यंत्रहातांनी काढले, ते राखीव फायबर जोडणीवर. हवेतून जाणाऱ्या लहरींना अशी राखीव वाट नसते. मधून कुणी चालत गेले तरी सिग्नल पडू शकतो.

म्हणूनच अनेक अँटेनांनी मिळून एकच संदेश पाठवण्याची कल्पना मला फार मोलाची वाटते. एका वाटेवर शंभरात एक संदेश हुकत असेल, तर तीन वाटांवर तो एकदम हुकण्याची शक्यता दहा लाखांत एक. अट एवढीच की वाटा खरोखर स्वतंत्र हव्यात. तिन्ही अँटेना एकाच भिंतीवर शेजारी-शेजारी लावल्या तर एकच आडोसा तिन्हींना झाकतो, आणि हा हिशेब कागदावरच राहतो. शिवाय त्या सगळ्यांची घड्याळे अचूक जुळलेली असावी लागतात.

पाचव्या पिढीसाठी 99.999 टक्के संदेश एका मिलिसेकंदात पोहोचावेत असे उद्दिष्ट ठरले होते. ऐकायला ते भक्कम वाटते. पण सेकंदाला 1000 संदेश धरले तर लाखात एक म्हणजे सरासरी दर 100 सेकंदांनी एक चूक! एखादा सुटा संदेश हुकला तर आधीच्यावरून अंदाज बांधून निभावता येते. सलग दहा-वीस हुकले तर नाही. सरासरीच्या आकड्यात हा फरक दिसतच नाही.

तेव्हा विनंती अशी की, या तंत्रज्ञानाच्या बातम्या देताना आपल्या वार्ताहरांनी कंपन्यांना वेगाबरोबर हेही विचारावे: सर्वांत वाईट क्षणी सलग किती संदेश हुकले? आणि तेवढ्या वेळात यंत्रहात जागीच सैल पडतो, की शेवटचा दाब तसाच धरून ठेवतो?

आपला,
एक वाचक