आल्यावर घर ओळखू येईल

जेल रोड, नाशिक रोड
२४ मे २०२६

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

घराच्या दुरुस्तीचं फोनवर सांगायला घेतलं की बाबा विचारतात "किती झाले?" आणि आई विचारते "काय फोडलं?", आणि मधलं सगळं राहून जातं. म्हणून पत्र. तिकडे डोंबिवलीला ताईला मोठ्याने वाचायला लावा. बाबा, तुम्ही डोळ्यात थेंब घालून आडवे पडून ऐका. डॉक्टरांनी वाकू नका सांगितलंय आणि ताई म्हणते, चप्पल शोधायला तुम्ही पलंगाखाली शिरता.

आधीच सांगते, घरात पाऊल टाकल्यावर तुम्हाला फारसं काही बदललेलं दिसणार नाही. पैसे मात्र गेलेत. ठरवलेल्या दीड लाखातले १,३८,००० संपले आणि त्यातले जवळजवळ निम्मे अशा जागी गेले जिथे पाहुण्यांची नजरच जात नाही: गच्चीवर, भिंतीच्या आत, न्हाणीघरात. ताईला मोड्युलर किचनचे फोटो हवे होते, तिची निराशा होणार. एफडीला हात लावलेला नाही. हिशोब तुमच्या नोटांच्या प्रेसच्या जुन्या डायरीत लिहिलाय, रोजच्या रोज, बिलं टाचून. एकतीस वर्षं नोटा मोजलेल्या माणसाची मुलगी आहे.

आता गच्ची. आपण २०१९ च्या पावसाळ्यापासून हॉलच्या कोपऱ्यातल्या ओलीवर दर दिवाळीला रंग मारत आलो. रंग मारायचा, पितृपक्षापर्यंत पुन्हा पापुद्रे. पहिल्या कंत्राटदाराने खालूनच मान वर करून पाहिलं आणि सांगितलं, सगळा कोबा फोडून नवा करावा लागेल, एक लाख ऐंशी हजार. जिनाही चढला नाही तो. मी त्याला चहा पाजला आणि पाठवून दिलं.

मग देवी चौकाकडचे एक म्हातारे गवंडी मिळाले. मिळाले म्हणजे आठ दिवस मागे लागल्यावर. सगळी माणसं सिंहस्थाच्या कामांवर गेलीत म्हणे, आणि मजुरीही तशीच वाढलीय. ते गच्चीवर आले, चपला काढल्या आणि हातोडीच्या दांड्याने कोबा ठोकत गेले, डॉक्टर पाठीवर टकटक करतात तसे. बहुतेक ठिकाणी खणखणीत आवाज. पाण्याच्या टाकीजवळ मात्र बद्द. "इथं पोकळ हाय," म्हणाले आणि खडूने गोल केला. असे चारच गोल निघाले. पण हॉलच्या कोपऱ्यावर गोल नव्हताच! तिथे दोष वेगळा होता. कठडा आणि कोबा मिळतात तिथली वाटा, म्हणजे सिमेंटची गोलसर कड, लांबवर चिरली होती, आणि पन्हळाच्या तोंडात पिंपळ उगवला होता. वर वीतभर रोप आणि खाली पाइपात हातभर मुळं. पावसाचं पाणी तिथे तुंबायचं आणि त्या चिरेतून भिंतीत उतरायचं. इतकी वर्षं आपण भिंतीला औषध देत होतो.

पिंपळ उपटायला कोणी तयार होईना. हाताखालच्या पोराने तर हातच जोडले. शेवटी मी मुळांसकट सोडवला, दुधाच्या पिशवीत माती भरून लावला आणि दसकच्या घाटाजवळ एका मोकळ्या जागेत नेऊन ठेवला. जगला तर जगला. आई, पाया पडून आले, काळजी करू नकोस.

चार पोकळ जागा फोडून भरल्या, वाटा नव्याने गोल काढली, पन्हळाला जाळी बसवली. नव्या कामाला दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, आळी करून. वाळल्यावर जाळीचं कापड घालून वॉटरप्रूफिंगचे दोन हात. मग पन्हळाचं तोंड बंद करून चोवीस तास गच्चीवर पाणी साठवलं. रात्री तीन वेळा उठून टॉर्चने हॉलचा कोपरा पाहिला. कोरडा ठणठणीत. खर्च ४१,५००.

रंगाचं काम त्यानंतरच काढलं, भिंत पुरती वाळू दिल्यावर. लोणा लागलेला गिलावा विटेपर्यंत खरवडला, नवा केला. तेवढा तुकडा महिना झाल्याशिवाय रंगवायचा नाही, म्हणून तो अजून करडाच आहे. पाहुणे आले तर आले. रंगाऱ्याने हॉलला वीस लिटरची बादली सांगितली होती. मी टेप घेऊन भिंती मोजल्या, दारं-खिडक्या वजा केल्या, साधारण ५०० चौरस फूट भरल्या. दोन हातांना एक लिटर साठेक फुटांना पुरतो, म्हणजे नऊच्या आत. दहा लिटर आणला. उरलेल्यात जिन्याची भिंत निघाली. रंगारी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आई, अबोली रंग तुला हवा होता तसाच, पण एकाच भिंतीला, देवघराच्या. बाकी फिकट. चारही भिंती अबोली केल्या असत्या तर आपण मंगल कार्यालयात राहिलो असतो.

कंपाउंडला आतून कळीचा चुना मीच दिला. रात्रभर भिजवला, गाळला, थोडा फेविकॉल घातला. हात सोलवटले, पण भिंत काय दिसते!

बाबा, आता एक कबुली द्यायची आहे. मीटरच्या पेटीच्या दाराला आतून तुम्ही पेन्सिलने कोणता दिवा कधी बदलला ते लिहीत होता ना, "१४-३-९८ मोरी ४० वॅट" वगैरे, ती सगळी यादी गेली. रंगाऱ्याच्या पोराने त्यावर प्रायमर मारला. मी बिटको चौकात स्क्रू आणायला गेले होते. त्याला बोलू नका, "आतूनसुद्धा मार" हे मीच सांगितलं होतं, यादी मला आठवलीच नाही. मीटरचा नंबर हवा म्हणून एप्रिलमध्ये काढलेल्या एका फोटोत खालचा अर्धा भाग आलाय. तेवढा कागदावर उतरवून काढलाय. वरचा अर्धा, आपण राहायला आलो तेव्हापासूनचा, नाही मिळणार. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

वायरिंगमध्ये तुमच्या चिनीमातीच्या फ्यूजा निघाल्या. त्यांच्या जागी एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारे खटके, आणि एक तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. गीझरच्या पाण्यातून करंट उतरायला लागला तर ती क्षणात सगळं बंद करते. अर्थिंगची तार गंजून तुटलेलीच होती, म्हणजे इतके दिवस अर्थिंग फक्त नावाला. नवा खड्डा करून घेतला. फ्यूजा आणि तारेचं रीळ तुमच्या खणात ठेवलंय, टाकलेलं नाही. हॉल आणि तुमच्या खोलीत नवे पंखे, तीसेक वॅटचे; जुने पाऊणशे वॅट खायचे. रिमोटवर चालतात. रिमोट आई हरवणार, म्हणून दोरीने खिळ्याला बांधलाय.

मोझेक फरशी काढायची नाही यावर ताईशी माझं अर्धा तास भांडण झालं. ती म्हणते व्हिट्रिफाइड घाल. पन्नास वर्षं टिकणारी फरशी फोडून निसरडी कशाला घालायची, तीही तुमच्या वयात? मशिनने घासून घेतली, ४५० फूट, २८ रुपयांनी १२,६०० झाले. तीन दिवस घरभर पांढरा राडा होता, शेजारच्या काकूंकडे जेवले. पण आता पिवळ्या-तांबड्या खड्यांमधले शिंपल्याचे तुकडे चमकतात. त्यात शिंपले आहेत हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

न्हाणीघरात कमोडच्या बाजूला आणि नळाजवळ दांड्या बसवल्या आहेत. बाबा, "मला कशाला हवीय दांडी" हे इथपर्यंत ऐकू आलं. टॉवेल वाळत घाला हवं तर. उंची मात्र तुमचं लेंगा-शर्टाचं माप शिंप्याकडून विचारून ठरवलीय, आणि मी स्वतः लोंबकळून पाहिलंय.

आता आईचा विषय, अंगण. तुला सगळीकडे फरशी हवी होती, पाला झाडून झाडून कंबर जाते म्हणून. कंबर खरीच जाते, त्यावर वाद नाही. पण सगळं बंद केलं की पावसाचं पाणी घराच्या पायाशी येतं, आणि मे महिन्यात ती फरशी रात्री दहापर्यंत भाजते. म्हणून मधला मार्ग काढला. मागे रचून ठेवलेल्या शहाबादी फरश्यांची तीन फुटी वाट केली, फाटकापासून ओट्यापर्यंत, तिथून तुळशीपर्यंत आणि नळापर्यंत. तेवढीच झाडायची. बाकीचा पाला खराट्याने झाडांच्या बुंध्याशी लोटायचा, उचलायचा नाही. मातीत ओल राहते, काळ्या मातीला उन्हाळ्यात ज्या हाताएवढ्या भेगा पडायच्या त्या पडत नाहीत. पाल्यात साप येईल म्हणशील, म्हणून दारापासून लांबच्या झाडांनाच, आणि भोवती विटांचं आळं. फाटकाजवळची सहा इंची पायरी काढून सहा फुटांचा उतार केला. इंचाला फूट, म्हणजे गॅसवाल्याचा सिलेंडरही नीट येतो आणि तुझा पायही.

लिंबू तोडायला मी माणूस बोलावला होता. पाच वर्षं नुसती पानं आणि काटे! गंगापूर रोडच्या नर्सरीत सहज विषय काढला तर तिथल्या काकांनी विचारलं, "पाणी किती देता?" आपल्या वॉशिंग मशिनचं पाणी बारा महिने त्याच्याच बुंध्यात सोडलेलं. ते हसले. लिंबाला फुलायला पाण्याचा ताण लागतो, याचे पाय कायम ओले, तो कशाला फुलेल? पाइप वळवून केळी-अळवाकडे नेला. लिंबाला आता बहर येतो का ते बघू. माणसाला यायचे दोनशे रुपये द्यावे लागले. मोगऱ्याला कात्री लावलेली नाही, फुलं चालू आहेत. छाटायचा तो माघात, तूच छाट.

पिंपळगावच्या मैत्रिणीच्या सासऱ्यांनी जुनी द्राक्षबाग काढली. मांडवाचे अँगल आणि तार मागितली तर टेम्पोचं भाडं तेवढं घेतलं. नळाच्या वर त्याचा मांडव केलाय, तुझ्या दोडक्या-घोसाळ्यासाठी. पन्हळाखाली दोनशे लिटरचा पिंप ठेवलाय. गच्ची सहाशे फुटांची, एक मिलिमीटर पाऊस पडला तरी पन्नास-पंचावन्न लिटर पाणी उतरतं. पहिल्या चांगल्या सरीतच पिंप वाहून जाईल, म्हणून वरून नळी काढून मांडवाच्या चरात सोडलीय.

अंगणाचे ९,४०० झाले. त्यात झाडाचं एकही रोप नाही. मृग लागल्याशिवाय काही लावायचं नाही, आणि काय लावायचं ते मी ठरवणार नाही. उरलेले १२,००० तुझे. जास्वंद आणि अबोलीच्या फांद्या शेजारच्या काकू देतायत फुकट, तेव्हा नर्सरीत उधळू नकोस म्हणजे झालं.

"अधिकात घराचं काम काढू नये" असा तुझा निरोप ताईने दिला. अगं, अक्षय्य तृतीयेलाच नारळ फोडला होता. अधिक लागला तेव्हा फक्त रंगाचा दुसरा हात राहिला होता, तो काही नवं काम नव्हे. भाऊजींना तेहतीस अनारसे देऊन झाले की उरलेले डब्यात घाल. जाळी पडली नसेल तरी चालेल.

पंचवटीने या, कल्याणला बसा, मी नाशिक रोडला प्लॅटफॉर्मवर असेन. आणि आई, गोदरेजच्या कपाटाची किल्ली तुझ्या बटव्यात डोंबिवलीला गेलीय. कपाट भरलेलं, तिघांनी ढकलूनही हललं नाही, म्हणून त्याच्या मागची भिंत अजून जुन्याच हिरव्या रंगाची आहे. किल्ली कुरियरने पाठवू नकोस, येतानाच आण.

तुमची
धाकटी