टोक म्हणजे दोष नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत आकारांच्या गणितावर लेख आला, याचा फार आनंद झाला. मात्र चेंडू आणि मेदुवड्याच्या चित्रांखाली 'निर्दोष' आणि शंकूच्या चित्राखाली 'सदोष' असे छापले होते, ते मला मनापासून खटकले. मी ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवले. माझ्या नववीतल्या नातीने लेख वाचून विचारले, "आजी, टोक असलं की आकार बिघडलेला असतो का गं?" तिच्या त्या प्रश्नासाठी हे पत्र.

चेंडूवर मुंगी कुठेही बसली तरी तिला जवळपास सपाट जमीनच भासते. अशा आकारांना मॅनिफोल्ड म्हणतात. शंकूच्या टोकाभोवती मात्र फेरी मारली तर ३६० अंश भरत नाहीत. या तुटीलाच लेखकाने दोष म्हटले असावे.

मी नातीसमोर चारही बाजूंनी शिवलेला उशीचा अभ्रा ठेवला. त्याच्या कोपऱ्यापाशी पुढच्या कापडाचे ९० अंश आणि मागच्याचे ९०, मिळून १८०. म्हणजे दर कोपऱ्यात १८० अंश कमी पडले, चार कोपऱ्यांत ७२०. मग ठोकळा घेतला. त्याच्या कोपऱ्यात तीन काटकोन येतात, २७० अंश. तूट ९० ची. असे आठ कोपरे, पुन्हा ७२०! आरपार भोक नसलेल्या कोणत्याही बंद ठोकळ्यात ही बेरीज ७२० च येते, हे फ्रेंच गणितज्ञ देकार्तने सतराव्या शतकात ओळखले होते. जे बिघडलेले असते ते इतका चोख हिशेब पाळत नाही.

पुढची गोष्ट मला सर्वांत आवडते. डोक्यावर घागर ठेवताना खाली घेतात ती चुंबळ घ्या. तिच्यातून विणकामाची सुई आडवी, मधल्या पोकळीतून पलीकडे जाईल अशी घाला. सुई चुंबळीच्या पृष्ठभागाला चार ठिकाणी भेदते. सुईभोवती चुंबळ अर्धा फेरा फिरवली की ती पुन्हा आपल्याच जागी बसते; बाकीचे सगळे बिंदू जागा बदलतात, ते चार तेवढे हलत नाहीत. आता एकमेकांच्या जागी गेलेले दोन-दोन बिंदू एकच मानले, तर जो आकार उरतो तो उशीचा अभ्रा, आणि न हललेले चार बिंदू म्हणजे त्याचे चार कोपरे. खरे वाटत नसेल तर दोन सारखे अभ्रे घ्या, प्रत्येकाच्या समोरासमोरच्या दोन शिवणी उसवा आणि झालेल्या दोन नळ्या टोकाला टोक लावून शिवा. पुन्हा चुंबळ! अभ्र्याच्या कोपऱ्यात त्या अर्ध्या फेऱ्याची खूण राहिलेली असते.

अशा आकारांचा पाया जपानी गणितज्ञ इचिरो साताके यांनी १९५६ मध्ये 'व्ही-मॅनिफोल्ड' या नावाने घातला. आज रूढ असलेले 'ऑर्बिफोल्ड' हे नाव अमेरिकन गणितज्ञ विल्यम थर्स्टन यांच्या प्रिन्स्टनमधल्या १९७६-७७ च्या वर्गात विद्यार्थ्यांच्या मतदानातून ठरले. प्रत्येक टोकापाशी किती पदरी घडी आहे, दोन पदरी की तीन, याची नोंद ऑर्बिफोल्ड ठेवतो. बुडाशी गोल आणि वर एकच टोक, अशा मोदकाच्या आकाराच्या ऑर्बिफोल्डला थर्स्टन यांनी खरोखरच 'वाईट' म्हटले आहे. पण ते टोक आहे म्हणून नव्हे. अभ्र्यामागे जशी चुंबळ आहे, तसा कोणताही गुळगुळीत पृष्ठभाग त्या मोदकामागे सापडत नाही, म्हणून.

आणखी अवघड सिंग्युलर बिंदूंपाशी, म्हणजे जिथे आकार कितीही जवळून पाहिला तरी सपाट भासत नाही तिथे, फ्रेंच गणितज्ञ प्वांकारेचा द्वैताचा नियमही लागू पडेनासा होतो; आकारातल्या वेगवेगळ्या मितींच्या भोकांची संख्या जोडीजोडीने जुळते, असे हा नियम सांगतो. तो गणितज्ञ मार्क गोरेस्की आणि रॉबर्ट मॅकफर्सन यांनी १९७० च्या दशकात नव्या रूपात परत मिळवला, आणि तेही टोके घासून गुळगुळीत न करता.

हे सारे परदेशातच घडले असेही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांचा १९६५ चा सिद्धांत जगभर शिकवला जातो. त्यातून पुढे आलेल्या ज्या अवकाशांवर, म्हणजे अनेक मितींच्या आकारांवर, शेषाद्रींनी काम केले, त्यांतल्या बऱ्याच अवकाशांत सिंग्युलर बिंदू आहेत आणि गणितज्ञ ते टाळत नाहीत, त्यांचा अभ्यास करतात. मराठी पुरवणीतल्या लेखात याचा उल्लेख हवा होता.

कृपया दुरुस्ती छापावी. शंकूखाली 'सदोष' ऐवजी 'टोक असलेला' एवढेच पुरे. जागा असेल तर शेजारी अभ्रा आणि चुंबळ यांचे चित्र द्यावे. सुई काढायला विसरू नये.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, वाई